मॅरीलँडचे प्रेषित : फादर अँड्रू व्हाइट

दरवर्षी २५ मार्च रोजी आपण गॅब्रिएल दूताने पवित्र मरियेला दिलेल्या निरोपाचा सण साजरा करतो. अमेरिकेतील मॅरीलँड या राज्यात हाच दिवस राज्याचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. सन १६३४ साली याच सणाच्या दिवशी पोटोमॅक नदीतील एका लहानशा बेटावर एका इंग्रज धर्मगुरूने मिस्साबलिदान अर्पण केले. ज्या तेरा इंग्रज वसाहतींतून पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने निर्माण झाली, त्या वसाहतींमधील पहिले मिस्साबलिदान म्हणून ते ओळखले जाते. ते अर्पण करणाऱ्या धर्मगुरूंचे नाव होते फादर अँड्रू व्हाइट. अमेरिकेतील ख्रिस्तसभा त्यांना ‘मॅरीलँडचे प्रेषित’ म्हणून ओळखते. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे कोणाच्या कानावर नाही. म्हणून या थोर येशूसंघीयाच्या जीवनाचा अल्प परिचय वाचकांना करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख करून देण्याची गरज नाही. स्वदेशी कॅथलिक धर्म पाळणे दुरापास्त झाले असता ते इंग्लंड सोडून रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि सन १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात गोव्याच्या भूमीवर उतरले. पुढे त्यांच्याच लेखणीतून सन १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रकाशित झाले. योगायोग असा की, ज्या वर्षी फादर स्टीफन्स गोव्याला पोहोचले त्याच वर्षी लंडनमध्ये अँड्रू व्हाइट यांचा जन्म झाला. एकाच देशातील, एकाच संघातील हे दोन धर्मगुरू. एक पूर्वेला आला, दुसरा पश्चिमेला गेला. दोघांनाही मायदेशात थारा नव्हता आणि दोघांनीही परक्या लोकांची भाषा आपली मानली. फादर स्टीफन्स यांच्या बीजाला आलेले पीक आपण आजही खातो आहोत. फादर व्हाइट यांच्या पेरणीचे काय झाले, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाही.

धर्मगुरू असणे हाच गुन्हा

आठव्या हेन्री राजाने सन १५३४ मध्ये स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतले. त्याची कन्या राणी एलिझाबेथ हिच्या राजवटीत कॅथलिकांभोवतीचा फास आवळत गेला. सरकारमान्य उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास सन १५८१ च्या कायद्याने महिन्याला २० पौंड दंड ठरविण्यात आला. भल्याभल्या जमीनदारांचे कंबरडे मोडणारी ही रक्कम होती. सन १५८५ च्या कायद्याने तर कळस केला. परदेशात गुरुदीक्षा घेऊन इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणारा इंग्रज धर्मगुरू राजद्रोही ठरू लागला आणि राजद्रोहाची शिक्षा होती देहान्त. अशा धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्याचाही जीव धोक्यात येई.

अशा काळात बालक अँड्रू लहानाचा मोठा झाला. धर्मगुरू होण्याची हाक आली तेव्हा त्यासाठी समुद्र ओलांडून दुए येथील इंग्रज सेमिनरीत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्पेनमधील सेमिनरीतही त्यांचे शिक्षण झाले. सन १६०५ च्या सुमारास गुरुदीक्षा घेऊन ते लपतछपत इंग्लंडला परतले. नेमके त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात काही कॅथलिक तरुणांनी पार्लमेंट सुरुंगाने उडवून देण्याचा कट रचल्याचे उघडकीस आले. मूठभरांच्या अविचाराचे प्रायश्चित्त साऱ्या समाजाला भोगावे लागले. नवदीक्षित फादर व्हाइट पकडले गेले आणि सन १६०६ मध्ये इतर अनेक धर्मगुरूंसमवेत त्यांना देशाबाहेर हाकलण्यात आले.

सन १६०७ मध्ये लुव्हेन येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. पुढील पंचवीस वर्षे कधी स्पेनमध्ये, कधी लुव्हेनला, कधी लिएज येथे ते पवित्र शास्त्र, ईशज्ञान आणि हिब्रू भाषा शिकवीत राहिले. अधूनमधून जीव मुठीत धरून ते इंग्लंडमध्येही सेवा करून येत. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारसरणीशी त्यांची निष्ठा इतकी कडक होती की, त्यावरून त्यांचे वरिष्ठांशीही मतभेद झाले. एकंदरीत, ग्रंथांत रमणारा एक कडवा प्राध्यापक, अशीच त्यांची प्रतिमा होती.

नवे जग, जुनी भांडणे

ज्या वर्षी फादर व्हाइट येशूसंघात गेले त्याच वर्षी, म्हणजे सन १६०७ मध्ये, इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाऊन येथे आपली पहिली कायमची वसाहत वसविली. हीच व्हर्जिनिया. उपासमारीने आणि रोगराईने ही वसाहत जवळजवळ बुडाली होती. तंबाखूच्या पिकाने ती तगली. सन १६१९ मध्ये तेथे लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि त्याच वर्षी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची पहिली तुकडीही तेथे उतरविण्यात आली. लोकशाही आणि गुलामगिरी ही दोन्ही रोपे त्या मातीत अशी एकाच हंगामात लागली. सन १६२० मध्ये प्लिमथ येथे आणि सन १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन पंथाचे लोक आले. इंग्लंडमधील छळाला कंटाळून ते आले होते; परंतु आपल्यापेक्षा वेगळे मत मांडणाऱ्याला त्यांनीही जागा दिली नाही. रॉजर विल्यम्स या उपदेशकाला सन १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने हद्दपारीची शिक्षा फर्मावली आणि मेरी डायर या क्वेकर स्त्रीला सन १६६० मध्ये बोस्टन येथे फासावर चढविले.

या पार्श्वभूमीवर जॉर्ज कॅल्व्हर्ट या गृहस्थांचे वेगळेपण उठून दिसते. पहिल्या जेम्स राजाचे हे मंत्री. सन १६२५ मध्ये त्यांनी आपण कॅथलिक असल्याचे जाहीर केले आणि मंत्रिपद सोडले. राजाने त्यांना लॉर्ड बाल्टिमोर हा किताब दिला. न्यूफाउंडलंडच्या थंडीत त्यांनी एक वसाहत उभारून पाहिली. तेथील हिवाळ्याने त्यांना नमविले. मग ते व्हर्जिनियाला गेले. तेथील अधिकाऱ्यांनी राजाला धर्मप्रमुख मानण्याची शपथ घ्यावयास सांगितली. त्यांनी नकार दिला आणि त्यांना परतावे लागले. नव्या वसाहतीची सनद हाती येण्यापूर्वीच सन १६३२ च्या एप्रिल महिन्यात ते निवर्तले. जूनमध्ये ती सनद त्यांचे पुत्र सेसिल कॅल्व्हर्ट यांना मिळाली. पहिल्या चार्ल्स राजाची कॅथलिक राणी हेन्रिएटा मारिया हिच्यावरून वसाहतीचे नाव मॅरीलँड ठेवण्यात आले. याच राणीच्या पुत्राला, दुसऱ्या चार्ल्सला, पुढे सन १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालकडून आपली मुंबई मिळाली, हे वाचकांस स्मरत असेलच.

सेसिल यांचा बेत सरळ होता. मॅरीलँडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या श्रद्धेला हात लावू नये आणि सर्वांनी मिळून वसाहत भरभराटीस आणावी. लोकांना आकर्षित करण्यासाठी सन १६३३ मध्ये वसाहतीची माहिती देणारे जे पत्रक निघाले त्याचे लेखन फादर व्हाइट यांनी केले. पाच माणसे घेऊन येणाऱ्यास २,००० एकर जमीन देण्याचे सेसिल यांनी जाहीर केले. एवढे करूनही जे प्रवासी जमले त्यांत बहुसंख्य प्रॉटेस्टंटच होते.

‘आर्क’ आणि ‘डव्ह’

सन १६३३ च्या २२ नोव्हेंबरला, संत सिसिलियाच्या सणादिवशी, आइल ऑफ वाइट बेटावरील काउझ बंदरातून ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ ही दोन जहाजे निघाली. एक नोहाच्या तारवाची, तर दुसरे त्याच्या कबुतराची आठवण देणारे. सेसिल यांचे बंधू लिओनार्ड कॅल्व्हर्ट राज्यपाल म्हणून सोबत होते. फादर व्हाइट यांच्याबरोबर येशूसंघाचे फादर जॉन आल्थम आणि ब्रदर थॉमस जर्व्हेस होते. फादर व्हाइट तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो. त्यांनी या वयात आयुष्यातील मुख्य कार्याला आरंभ केला.

प्रवासाचे वर्णन फादर व्हाइट यांनीच लॅटिन भाषेत लिहून ठेवले आहे. निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत वादळ उठले. ‘डव्ह’ हे लहान जहाज. संकटात सापडल्यास डोलकाठीवर दिवे लावायचे, असे ठरले होते. त्या रात्री ‘आर्क’वरील लोकांना ते दिवे दिसले आणि काही वेळाने दिसेनासे झाले. ‘डव्ह’ बुडाले असेच सर्वांनी धरले. प्रत्यक्षात ते माघारी फिरून सुखरूप किनाऱ्याला लागले होते. सुमारे सहा आठवड्यांनी बार्बाडोस बेटावर दोन्ही जहाजांची पुन्हा गाठ पडली, तेव्हाचा आनंद काय वर्णावा! दरम्यान ‘आर्क’वर नाताळ साजरा झाला होता. त्या दिवशी दारू जरा जास्तच झाली, दुसऱ्या दिवशी तीस जण तापाने आजारी पडले आणि त्यांतील सुमारे डझनभर दगावले. फादर व्हाइट यांनी हेही लपविले नाही. खरेपणा हा त्यांच्या लेखनाचा मोठा गुण आहे.

सन १६३४ च्या फेब्रुवारीअखेर जहाजे व्हर्जिनियाला आणि मार्चमध्ये पोटोमॅक नदीत पोहोचली. त्या नदीचा विस्तार पाहून लंडनची टेम्स त्यांना ओढ्यासारखी वाटली. सेंट क्लेमंट्स बेटावर उतरताना एक नाव उलटली, कपडे धुण्यास गेलेल्या स्त्रिया बुडता बुडता वाचल्या आणि बरेच कपडे पाण्यात गेले. त्यांत फादर व्हाइट यांचेही चांगले कपडे होते. मग आला २५ मार्च. त्या काळी इंग्लंडमध्ये नववर्षाचा आरंभ याच दिवशी होत असे. मिस्साबलिदान झाल्यावर एका मोठ्या झाडाचा क्रूस तासण्यात आला, राज्यपालांनी व इतरांनी तो खांद्यावरून वाहून नेऊन उभारला आणि गुडघे टेकून पवित्र क्रूसाची आळवणी म्हटली. ज्या देशात मिस्सा ऐकण्यासाठी दारेखिडक्या बंद कराव्या लागत, त्या देशाची ही माणसे उघड्या आकाशाखाली प्रार्थना करीत होती. आपल्या बापजाद्यांच्या काळापासून चाललेला कोंडमारा त्या क्षणी संपल्यासारखा त्यांना वाटला असेल.

जमीन कोणाची?

परंतु ते आकाश आणि ती जमीन निर्जन नव्हती. पोटोमॅकच्या काठी पिस्कॅटवे लोकांची वस्ती होती. त्यांच्या प्रमुखाला तायाक म्हणत. लिओनार्ड कॅल्व्हर्ट त्याला भेटावयास गेले तेव्हा त्याने त्यांना राहा असेही म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. जवळच याओकोमिको नावाच्या जमातीचे गाव होते. उत्तरेकडील सस्क्वेहॅनॉक या बलवान शत्रूंच्या धाडींना कंटाळून हे लोक तेथून हलण्याच्या विचारात होते. कुऱ्हाडी, कुदळी आणि कापड यांच्या मोबदल्यात त्यांनी आपली जागा इंग्रजांना दिली. अर्धे गाव लगेच मोकळे केले आणि उरलेले पीक निघाल्यावर. या ठिकाणी सेंट मेरीज ही राजधानी वसली. त्या लोकांच्या झाडाच्या सालींनी शाकारलेल्या एका झोपडीत फादर व्हाइट यांनी आपले पहिले मंदिर थाटले.

व्हर्जिनियात झाला तसा रक्तपात येथे आरंभी झाला नाही, ही गोष्ट निश्चितच कौतुकाची. पण जमिनीची कायमची खासगी मालकी ही कल्पना त्या लोकांच्या व्यवहारात इंग्रजांसारखी नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आणि जी भूमी इंग्लंडच्या राजाने कधी पाहिलीही नव्हती, ती दान देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न त्या काळी फारच थोड्या युरोपियनांच्या मनात आला.

येशूसंघीयांची स्थितीही चमत्कारिक होती. सेसिल यांनी त्यांना धर्मगुरू म्हणून काहीही दिले नव्हते. इतर जमीनदारांप्रमाणे माणसे आणून, जमीन मिळवून, तंबाखू पिकवून त्यांनी आपला खर्च भागवायचा होता. कॅथलिकांनी आपली उपासना गाजावाजा न करता करावी, धर्मावर उघड वाद घालू नये, अशी सक्त ताकीद होती. पुढे पटुक्सेंट जमातीच्या प्रमुखाने फादरांना मॅटापनी येथील जमीन दिली, तेव्हा आपल्या परवानगीवाचून कोणीही मूळ रहिवाशांकडून जमीन घेऊ नये, असा पवित्रा सेसिल यांनी घेतला. स्वतः कॅथलिक असलेल्या मालकाशी धर्मगुरूंचा हा तंटा अनेक वर्षे चालला.

भाषेची वाट

पहिली काही वर्षे फादर व्हाइट सेंट मेरीज येथील गोऱ्या वस्तीतच होते. त्यांचे मन मात्र पिस्कॅटवे लोकांकडे ओढ घेत होते. सन १६३९ मध्ये ते तायाक किटामाक्वंड यांच्या गावी राहावयास गेले. हा प्रमुख काही साधुपुरुष नव्हता. थोरल्या भावाला ठार करून त्याने सत्ता मिळविली होती, आणि शत्रूंविरुद्ध इंग्रजांचा आधार त्याला हवा होता. त्याच्या धर्मांतरात श्रद्धा किती आणि राजकारण किती, हे आता कोण सांगणार? पण फादर व्हाइट त्याच्या दारी राहिले, तो गंभीर आजारी पडला तेव्हा त्यांनी त्याची शुश्रूषा केली आणि तो बरा झाला, हे खरे.

सन १६४० च्या ५ जुलैला झाडाच्या सालींनी उभारलेल्या मंदिरात किटामाक्वंड, त्याची पत्नी आणि आणखी काही जण यांचा स्नानसंस्कार झाला. तायाकचे नाव चार्ल्स आणि पत्नीचे मेरी ठेवण्यात आले. त्याच दिवशी ख्रिस्ती पद्धतीने त्यांचा विवाहही झाला. राज्यपाल स्वतः उपस्थित होते. या समारंभानंतर फादर व्हाइट आणि फादर आल्थम दोघेही तापाने अंथरुणाला खिळले. फादर आल्थम त्यातून उठले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी किटामाक्वंडही वारला. त्याची लहानगी मुलगी इंग्रजांच्या घरी शिक्षणासाठी ठेवण्यात आली होती. पुढे एका इंग्रज जमीनदाराशी तिचा विवाह झाला.

इतके होऊनही फादर व्हाइट थांबले नाहीत. पोर्ट टोबॅको या गावी सन १६४२ मध्ये शंभराहून अधिक लोकांनी स्नानसंस्कार स्वीकारला. त्यांच्यासाठी या साठी उलटलेल्या प्राध्यापकाने पिस्कॅटवे भाषा आत्मसात केली, तिचे व्याकरण, शब्दकोश आणि धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार केले. ज्या सन १६४० मध्ये पिस्कॅटवे प्रमुखाचा स्नानसंस्कार झाला, त्याच वर्षी इकडे गोव्यात फादर स्टीफन्स यांचे कोंकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स यांचे व्याकरण आपल्या ग्रंथालयांत सुखरूप आहे. व्हाइट यांचे व्याकरण आणि शब्दकोश काळाच्या उदरात गडप झाले. जॉर्जटाऊन विद्यापीठात एका जुन्या प्रार्थनाग्रंथाच्या कोऱ्या पानांवर पिस्कॅटवे भाषेत लिहिलेल्या दहा आज्ञा आणि प्रार्थना तेवढ्या उरल्या आहेत. त्या भाषेचे बहुतेक सारे ज्ञान या काही पानांवर अवलंबून आहे.

बेड्या आणि न्यायालय

सन १६४२ मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. तिच्या ठिणग्या समुद्रापार उडाल्या. सन १६४५ च्या फेब्रुवारीत रिचर्ड इंगल हा जहाजाचा कप्तान पार्लमेंटच्या नावाने सेंट मेरीजवर चालून आला. घरे लुटली गेली, मिशनची मालमत्ता उद्ध्वस्त झाली, राज्यपाल लिओनार्ड कॅल्व्हर्ट व्हर्जिनियाला पळाले. फादर व्हाइट आणि फादर थॉमस कोपली यांना बेड्या घालून इंग्लंडला नेण्यात आले. तेथे त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. आरोप तोच जुना, सन १५८५ च्या कायद्याचा : परदेशात गुरुदीक्षा घेतलेला धर्मगुरू इंग्लंडच्या भूमीवर सापडला.

फादर व्हाइट यांचा बचाव साधा होता. मी स्वखुशीने इंग्लंडला आलेलो नाही, मला बेड्या घालून आणण्यात आले आहे, मग येण्याचा गुन्हा माझा कसा, असा तो मुद्दा होता. न्यायालयाला तो मान्य करावा लागला आणि त्यांची मुक्तता झाली. तरी त्यांना लगेच मोकळे सोडले नाही. काही काळ तुरुंगात ठेवून अखेर हद्दपार करण्यात आले. ज्या देशाने सत्तावीस वर्षांचा असताना त्यांना हाकलले होते, त्याच देशाने पासष्टी ओलांडल्यावर पुन्हा हाकलले.

त्यांनी मॅरीलँडला परत पाठविण्याची विनंती केली. वय आणि प्रकृती पाहून वरिष्ठांनी नकार दिला. पुढे ते गुप्तपणे इंग्लंडला परतले आणि सन १६५६ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. पिस्कॅटवे लोकांचे पुन्हा दर्शन त्यांना झाले नाही.

सहिष्णुतेचा कायदा आणि त्याची मर्यादा

फादर व्हाइट परागंदा असतानाच, २१ एप्रिल १६४९ रोजी मॅरीलँडच्या सभेने धर्मविषयक प्रसिद्ध कायदा संमत केला. येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही त्याच्या श्रद्धेमुळे त्रास देता कामा नये, असे त्याने ठरविले. एकमेकांच्या पंथाला शिवी म्हणून नावे ठेवणाऱ्यास दंड होता. इंग्रजांच्या अमेरिकेत असा कायदा त्यापूर्वी झाला नव्हता आणि त्याचा रास्त अभिमान मॅरीलँडच्या कॅथलिकांना वाटतो.

पण तो कायदा पूर्ण वाचला पाहिजे. पवित्र त्रैक्य किंवा प्रभू येशूचे ईश्वरत्व नाकारणाऱ्यास त्यात देहान्ताची शिक्षा सांगितली होती. म्हणजे ज्यूधर्मीयाला त्यात संरक्षण नव्हते. मूळ रहिवाशांच्या श्रद्धेचा तर विचारच नव्हता. स्वातंत्र्य होते, पण ते आपल्यासारख्यांपुरते होते. आणि आपल्यापुरते मागितलेले स्वातंत्र्य फार काळ टिकत नाही. सन १६५४ मध्ये प्युरिटनांनी सत्ता बळकावून तो कायदा रद्द केला आणि कॅथलिकांचे संरक्षण काढून घेतले. काही वर्षांनी तो पुन्हा लागू झाला. परंतु सन १६८९ च्या बंडाने कॅल्व्हर्टांची सत्ता गेली. सन १७०४ मध्ये धर्मगुरूंना मिस्साबलिदान अर्पण करण्यास मनाई झाली आणि सेंट मेरीजच्या विटांच्या मंदिराला कुलूप लागले. सन १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार गेला. ज्यांनी वसाहत वसविली त्यांचीच नातवंडे तेथे पुन्हा बंद दाराआड प्रार्थना करू लागली. तो काळ संपण्यास अमेरिकेच्या स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. सन १७८९ मध्ये मॅरीलँडचेच सुपुत्र जॉन कॅरोल हे अमेरिकेचे पहिले महागुरू नियुक्त झाले आणि सन १७९१ च्या घटनादुरुस्तीने संघराज्य सरकारला कोणत्याही धर्माला राजधर्म बनविण्यास मनाई केली.

आणखी एक दुःखद पान वगळून चालणार नाही. फादर व्हाइट यांच्या नोकरवर्गात माथियस द सोसा नावाचा मिश्र आफ्रिकन वंशाचा एक तरुण होता. ठराविक वर्षे चाकरी करून तो मोकळा झाला आणि सन १६४२ मध्ये वसाहतीच्या सभेतही बसला. ही वाट पुढे बंद झाली. सन १६६४ मध्ये मॅरीलँडने कृष्णवर्णीयांची गुलामी जन्मभराची ठरविली. तंबाखूच्या मळ्यांवर चालणाऱ्या येशूसंघाच्या मिशननेही कालांतराने गुलाम बाळगले. सन १८३८ मध्ये येशूसंघाच्या मॅरीलँड प्रांताने २७२ स्त्रीपुरुष आणि बालके लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. सन १८३२ मध्ये रोममध्ये फादर व्हाइट यांचा लॅटिन वृत्तान्त ज्यांच्या हाती लागला ते फादर विल्यम मॅकशेरी या विक्रीच्या व्यवहारात सहभागी होते. पूर्वजांची कागदपत्रे जपणाऱ्या हातांनीच जिवंत माणसांचा सौदा केला. सन २०१७ मध्ये येशूसंघाने आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाने त्या माणसांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली.

पेरणीचे काय झाले?

मग फादर व्हाइट यांच्या पेरणीचे काय झाले, या आमच्या मूळ प्रश्नाकडे आपण परत येऊ. मॅरीलँडमधील त्यांची अकरा वर्षांची सेवा लुटालुटीत संपली. त्यांचे ग्रंथ हरवले. त्यांची वसाहत त्यांच्याच लोकांवर उलटली. वसाहत वाढली तशी पिस्कॅटवे लोकांची भूमीही गेली. रोगराईने त्यांची संख्या घटली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या तायाकला अनेक अनुयायांसह देशोधडीला लागावे लागले.

तरीही काही जण मागे राहिले. पोर्ट टोबॅकोजवळ सन १६४१ मध्ये स्थापन झालेला संत इग्नेशियस यांच्या नावाचा धर्मग्राम आजही नांदता आहे. त्या परिसरातील पिस्कॅटवे कुटुंबांनी, सरकारदरबारी आपली नोंद पुसली गेली तरी, पिढ्यानपिढ्या कॅथलिक श्रद्धा जपली. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याची वेळ आली तेव्हा त्यांना चर्चच्या स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदवह्यांचा आधार मिळाला. अखेर सन २०१२ मध्ये मॅरीलँड राज्याने पिस्कॅटवे जमातीला अधिकृत मान्यता दिली. आणि आपल्या पूर्वजांची भाषा पुन्हा जाणून घेऊ पाहणाऱ्या या लोकांपुढे आज आहेत ती त्या जुन्या प्रार्थनाग्रंथाची काही पाने.

सेंट क्लेमंट्स बेटावर सन १९३४ मध्ये, पहिल्या मिस्साबलिदानाच्या त्रिशताब्दीनिमित्त, चाळीस फूट उंचीचा क्रूस उभारण्यात आला. तो दुरून दिसतो. पण आम्हांस त्याहून मोठी वाटते ती त्या कोऱ्या पानांवरची शाई. सत्ता, सनद, जमीन, कायदा हे सारे आले आणि गेले. एका म्हाताऱ्या गुरुजींनी दुसऱ्याच्या अंगणात बसून, त्याच्या तोंडून शब्द ऐकून, देवाला त्याच्या भाषेत हाक मारावयास शिकण्याचा जो खटाटोप केला, तेवढा मात्र उरला. आपल्या पूर्वजांनाही एका इंग्रज धर्मगुरूने अशीच मराठीत हाक मारली होती. म्हणूनच आपल्या धर्मग्रामात परमुलखातून पोटासाठी आलेला, वेगळी भाषा बोलणारा, वेगळ्या रीतीने देवाला हात जोडणारा शेजारी राहावयास येईल, तेव्हा आपण त्याच्याकडून निदान त्याच्या भाषेतील एक शब्द शिकू या. येत्या २५ मार्चला मरियेने देवदूताला दिलेला होकार आठवताना, फादर व्हाइट यांचेही कृतज्ञतेने स्मरण व्हावे, ही प्रार्थना.